सेंट्रल पार्कात घोडागाडीत बसायचंय? निघण्याआधी हे वाचून घ्या

न्यूयॉर्कला पहिल्यांदा येणाऱ्या आपल्या लोकांच्या यादीत सेंट्रल पार्कची घोडागाडी हमखास असते, पण दिवसाच्या प्लॅनमध्ये तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, म्हणजे सकाळी म्युझियम, मग फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूला शॉपिंग, मग पाय बोलायला लागले की "चला आता घोडागाडीत बसू", आणि तेव्हा नेमकी शनिवार दुपारची तोबा गर्दी असते, ऊन असतं, घोडा सकाळपासून उभा असतो आणि तुम्हीही वैतागलेले असता. मग वीस मिनिटांत काय बघितलं ते कळत नाही आणि पैसे मात्र भरपूर गेलेले असतात.

माझं म्हणणं सरळ आहे, या राइडचं प्लॅनिंग घोड्यापासून सुरू करा. घोड्याला सोयीचा दिवस, सोयीची वेळ, सोयीचं हवामान निवडलंत की तुम्हालाही तीच वेळ सगळ्यात छान जाते. खाली लिहिलेलं जवळपास सगळं यातूनच येतं.

आधी चालू आहे का ते बघा

हे पहिल्यांदा सांगतेय कारण लोक हेच विसरतात. सेंट्रल पार्कातल्या घोडागाड्यांवर बंदी आणावी की नाही यावर न्यूयॉर्कमध्ये कित्येक वर्षं वाद चाललाय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रायडर नावाचा घोडा मॅनहॅटनच्या भर रस्त्यात कोसळला, त्याचे व्हिडिओ जगभर फिरले आणि त्याच्याच नावाने 'रायडर्स लॉ' हे बंदी घालणारं बिल आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पार्कची देखभाल करणाऱ्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सीने बंदीला उघड पाठिंबा दिला, सप्टेंबरमध्ये तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांनीही दिला, आणि नोव्हेंबरमध्ये सिटी कौन्सिलच्या हेल्थ कमिटीने ते बिल फेटाळलं. म्हणजे विषय संपला असं समजू नका. तिकीट काढून यायच्या आठवड्यात एकदा बातम्या बघून घ्या, आणि पोरांना आधीपासून वचन देऊन ठेवू नका.

आणि हो, घरातल्या कुणाला हे पटतच नसेल, घोड्याला गाडीला जुंपणं नकोच वाटत असेल, तर त्यांना ओढूनताणून बसवू नका. त्यांचं म्हणणं विचार करण्यासारखंच आहे. ५९ स्ट्रीटपासून ७२ स्ट्रीटपर्यंत चालत गेलात तरी गाडीतून दिसतं ते सगळं दिसतं, उलट जास्तच दिसतं. मला स्वतःला असं वाटतं की नियम पाळणारा ड्रायव्हर, तब्येतीने चांगला घोडा आणि थंड हवा असेल तर बसायला हरकत नाही, आणि यातली एकही गोष्ट कमी असेल तर परत फिरायचं. गाडी कशी निवडायची ते खाली सविस्तर लिहिलंय.

दिवस आणि वेळ

इथे शहराचे कडक नियम आहेत आणि ते तुमच्या फायद्याचे आहेत. हवेचं तापमान ९० फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने ३२ सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेलं की गाड्या बंद. शिवाय २०१९ पासून दमटपणाचाही हिशेब धरतात. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं, त्यात हवेतल्या आर्द्रतेचा टक्का मिळवायचा, आणि तापमान ८० किंवा त्याच्या वर असताना ही बेरीज १५० किंवा जास्त आली की काम थांबवायचं. उदाहरण सांगते, ८२ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे १५२, गाड्या बंद. आपल्याला २८ सेल्सिअस म्हणजे काहीच वाटत नाही, पण घोड्याचं अंग मोठं, घाम भरपूर, आणि हवा दमट असली की तो घाम सुकत नाही म्हणून अंग थंडच होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी फोनवरच्या वेदर अ‍ॅपमध्ये हे दोन आकडे बघून स्वतःच बेरीज करायची, दहा सेकंदांचं काम आहे, आणि मग स्टँडवर जाऊन रिकामं परतायची वेळ येत नाही.

थंडीचंही तसंच. १८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ८ सेल्सिअसच्या आसपास आणि त्याखाली, गाड्या बंद. बर्फ, जोराचा पाऊस, घसरडा रस्ता असेल तरी बंद.

मग जायचं कधी? उन्हाळ्यात सकाळीच. हवा ८० च्या खाली असते, घोडे ताजे असतात, आणि पार्कात गर्दीही कमी असते. घोड्याने २४ तासांत जास्तीत जास्त ९ तास काम करायचं असा नियम आहे, त्यामुळे संध्याकाळी उशिरा गेलात तर समोरचा घोडा सकाळपासूनचा असू शकतो. वसंतात एप्रिलमध्ये चेरीला फुलं येतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झाडांचे रंग बदललेले असतात, हे दोन्ही काळ माझ्या मते सगळ्यात छान, हवा पण घोड्याला मानवणारी. डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या आधीचे दोन आठवडे मात्र रांगा लागतात. बर्फात घोडागाडी असा फोटो सगळ्यांच्याच डोक्यात असतो, पण रस्त्यावर बर्फ साचलं की गाड्याच निघत नाहीत, तेव्हा त्या फोटोच्या आशेवर प्लॅन करू नका. आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे चारला पोहोचलात तर अर्धी फेरी अंधारात होईल, कुणाला दिव्यांमुळे ते आवडतंही, पण माहीत असलेलं बरं.

वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी सकाळी पार्कात पळण्याच्या शर्यती असतात आणि रस्त्याचा बराच भाग अडतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तर न्यूयॉर्क मॅरेथॉन, तिची फिनिश लाइन पार्कातच टॅव्हर्न ऑन द ग्रीन या रेस्टॉरंटजवळ असते, त्यामुळे तो रविवार सोडूनच द्या.

पोहोचायचं कुठे

पार्क मोठं आहे, ८४३ एकर, दक्षिणेला ५९ स्ट्रीट ते उत्तरेला ११० स्ट्रीट, लांबी चार किलोमीटर. गाड्या मात्र दक्षिणेच्या टोकालाच मिळतात. आधी त्या सेंट्रल पार्क साउथ या रस्त्याच्या कडेला, मोटारींच्या गर्दीत उभ्या असायच्या, २०१९ मध्ये शहराने त्यांना पार्कच्या आत हलवलं. आता फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूजवळ ग्रँड आर्मी प्लाझाच्या बाजूला, सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू जिथे पार्कला भिडतो तिथे, आणि सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूच्या तोंडाशी अशा तीन जागी चढायला मिळतं. सबवेने येत असाल तर एन, आर, डब्ल्यू गाडीने फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू-५९ स्ट्रीटला उतरा, एम गाडीने (रात्री उशिरा आणि शनिवार-रविवारी एफ गाडीने) ५७ स्ट्रीटला, नाहीतर ए, बी, सी, डी किंवा १ नंबरने कोलंबस सर्कलला उतरून थोडं पूर्वेला चालत या.

कोलंबस सर्कलला उतरलात की एक गोष्ट नक्की घडते, हातात पार्कचे फोटो असलेलं कार्ड घेऊन लोक तुमच्याकडे येतात, "राइड? राइड?" करत. हे बहुतेक पेडिकॅबवाले, म्हणजे सायकलरिक्षावाले असतात. सायकलरिक्षा वाईट असं अजिबात नाही, पण त्यांचं भाडं मिनिटाला इतके असं असतं, दर प्रत्येकाचा वेगळा, आणि नवीन माणूस गडबडीत "पाच डॉलर" ऐकून बसतो, ते मिनिटाचे पाच होते हे उतरल्यावर कळतं. घोडागाडीच हवी असेल तर मान हलवून पुढे चालायचं आणि घोडे दिसतात तिथपर्यंत स्वतः जायचं, रस्त्यात कुणाशी सौदा करायचा नाही.

पैशाचं

घोडागाडीचा जास्तीत जास्त दर शहर ठरवून देतं. २०१० च्या कायद्यात तो पहिल्या २० मिनिटांना ५० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक १० मिनिटांना २० डॉलर असा ठरला होता. त्यानंतर तो बराच वाढलाय, पण हिशेबाची पद्धत तीच आहे, पहिली २० मिनिटं आणि मग दहा-दहा मिनिटांचे टप्पे. सध्याचा दर गाडीवर लावलेला असतो तो आधी वाचा, नाही दिसला तर "रेट कार्ड दाखवता का" असं विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही, ड्रायव्हरना सवय असते.

हा दर पूर्ण गाडीचा आहे, माणशी नाही, हे नीट लक्षात ठेवा. चार मोठी माणसं बसली तरी तेवढेच, दोघं बसलात तरी तेवढेच. त्यामुळे दोन जोडपी मिळून गेलात तर खर्च निम्मा होतो. पाच-सहा जण असाल तर मात्र दोन गाड्या घ्या, एकीतच कोंबून बसवा म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका, शेवटी ते वजन घोड्याने ओढायचं असतं.

टिप वेगळी. अमेरिकेत सगळीकडे देतात तशी १५ ते २० टक्के धरा आणि बजेटमध्ये आधीच मिळवून ठेवा, नाहीतर शेवटी तोंडं बघायची वेळ येते. पैसे शक्यतो कॅश ठेवा, कार्ड काही ड्रायव्हर घेतात काही नाही घेत, आणि घेतलं तर वर चार्ज लावतात का ते आधीच विचारून घ्या.

ऑनलाइन बुकिंग करावं का, हा प्रश्न सगळेच विचारतात. माझं मत, साध्या फेरीसाठी गरज नाही. वेबसाइटवरची पॅकेजेस बहुतेक वेळा स्टँडवरच्या दरापेक्षा महाग पडतात, आणि मुख्य म्हणजे घोडा आणि गाडी तुम्हाला आधी बघायला मिळत नाही, जो येईल तो. फक्त ठरलेल्या वेळेला गाडी हवीच असेल, म्हणजे कुणाला लग्नाची मागणी घालायचीय किंवा आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे आणि दुपारी जेवायचं टेबल बुक आहे, तर बुकिंगला अर्थ आहे, आणि तेव्हाही उष्णतेमुळे किंवा पावसामुळे राइड रद्द झाली तर पैसे परत मिळतात का हे बुक करण्याआधी वाचा.

गाडी निवडताना गाडी नको, घोडा बघा

नवीन माणूस गाडीचा रंग बघतो, मखमली गादी, वर खोवलेली फुलं. पण दोन मिनिटं घोड्याजवळ उभं राहा, घाई करू नका, आणि हे बघा.

शहरात लायसन्स असलेल्या ६८ गाड्या आहेत आणि घोडे सुमारे २००, म्हणजे घोडे आळीपाळीने काम करतात. प्रत्येक घोड्याला वर्षाला किमान पाच आठवडे सुट्टी द्यावी लागते, शहराबाहेरच्या कुरणात. कामाला लागताना घोडा किमान ५ वर्षांचा असावा लागतो, आणि २६ च्या पुढचा घोडा कामाला चालत नाही. घोड्याच्या खुरावर त्याचा नंबर कोरलेला असतो, गाडीला शहराचं मेडॅलियन, म्हणजे परवान्याचा बिल्ला, असतं आणि ड्रायव्हरलाही लायसन्स असतं. हे सगळं तपासत बसायची गरज नाही, पण मेडॅलियन आणि रेट कार्ड दिसलं पाहिजे एवढं बघा.

आता घोडा. पर्चेरॉन, बेल्जियन, क्लाइड्सडेल अशा अवजड जातींचे किंवा त्यांच्या संकराचे बरेच घोडे असतात, आपण घोडा म्हणून बघतो त्याच्या मानाने हे प्रचंड दिसतात, तर घाबरून जाऊ नका, यांचा स्वभाव उलट शांत असतो.

घोडा मान खाली घालून, एक मागचा पाय खुराच्या टोकावर टेकवून, अर्धवट डोळे मिटून उभा असेल तर लोकांना वाटतं आजारी आहे, बिचारा थकलाय. तसं नसतं. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, त्याच्या पायांच्या सांध्यांची रचनाच अशी असते की स्नायूंवर जोर न देता उभं राहता येतं, आणि मागचा एक पाय सैल सोडणं म्हणजे तो निवांत आहे. तोंडाला तोबरा बांधून चंदी खात असेल तर उत्तम, खाणारा घोडा बहुधा बरा घोडा. डोळ्यांच्या बाजूला झापडं असतात ती पण त्रासासाठी नाहीत, घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, मागे फिरणारी चाकं दिसून तो बिचकू नये म्हणून ती लावतात.

काळजीचं काय ते बघा. पुढचा पाय पुढे टाकून त्यावर वजन न देता उभा असेल, तर पाय दुखत असण्याची शक्यता आहे, कारण मागचा पाय सैल सोडणं साधं असतं, पुढचा तसं नसतं. शांत उभा असतानाही नाकपुड्या फुललेल्या आणि कुशी जोरजोरात हलत असतील तर तो अजून दमलेला आहे, निरोगी घोड्याचा श्वास उभा असताना मिनिटाला ८ ते १६ एवढाच असतो, कुशीकडे बघून तुम्ही स्वतः मोजू शकता. साजाचे पट्टे जिथे घासतात तिथे, म्हणजे छातीवर आणि पुढच्या पायांच्या मागे पोटाजवळ, केस झडलेले किंवा कातडी सोललेली असेल, बरगड्या मोजता येत असतील, चालताना प्रत्येक पावलाला डोकं वरखाली झटकत लंगडत असेल, तर त्या गाडीत बसू नका. कान बघा. टवकारलेले किंवा आवाजाच्या दिशेने फिरणारे कान ठीक, पण माणूस जवळ आला की कान मागे पाडून मानेला चिकटवत असेल तर त्या घोड्याला सध्या माणसं नकोयत, विशेषतः मुलं सोबत असतील तर पुढच्या गाडीकडे जा.

आणि ड्रायव्हर. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ड्रायव्हरला घोड्याचं नाव विचारा, वय विचारा, सुट्टीवरून कधी आला विचारा. ज्याचं घोड्यावर लक्ष असतं तो लगेच खुलतो, बोलता बोलता त्याच्या आयाळीवरून हात फिरवतो, घोडाही त्याच्याकडे कान करतो. ज्याला उत्तर द्यायचा कंटाळा येतो, जो फक्त "बसा, बसा" करतो, त्याच्याकडे नका बसू. गाड्या अनेक असतात, रांगेत पहिल्याच गाडीत बसलं पाहिजे असं काही नाही, "आम्ही जरा बघतोय" म्हणून पुढे जायला मोकळे आहात.

रस्ता आधी ठरवा

इथे लोक गडबड करतात. वीस मिनिटांत किती होतं याचा अंदाज नसतो, आणि बेथेस्डा फाउंटन, बो ब्रिज, बेल्व्हेडेअर कॅसल, झू सगळं दिसेल असं वाटत असतं. तर घोडा चालतो किंवा दुडकी चाल धरतो, त्याहून जोरात पळवायची परवानगीच नाही. वीस मिनिटांत पार्कच्या दक्षिण कोपऱ्याची छोटी फेरी होते, तळं, वॉलमन रिंक ही स्केटिंगची जागा, डेअरी ही जुनी इमारत, कॅरोसेल म्हणजे मुलांच्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या आसपासचा भाग, बस. लहान मुलं असतील, किंवा फक्त अनुभव घ्यायचाय, तर तेवढं पुरतं, खरंच पुरतं. मुलं वीस मिनिटांनंतर घोड्याकडे बघायचीही बंद होतात.

मोठी माणसं असाल तर मी ४०-५० मिनिटांची फेरी घ्या म्हणेन, आणि ड्रायव्हरला स्पष्ट सांगा की ७२ स्ट्रीटपर्यंत जायचंय आणि चेरी हिलला थांबायचंय. पार्कातला रस्ता घड्याळाच्या उलट दिशेने एकेरी आहे, त्यामुळे गाडी पूर्वेच्या बाजूने वर जाते, ७२ स्ट्रीटवरून पश्चिमेला वळते आणि पश्चिमेच्या बाजूने खाली येते. वर जाताना द मॉल या चालायच्या रुंद रस्त्याची एल्मची झाडं दिसतात, मग बेथेस्डा टेरेस. तिथल्या कारंज्यावरची देवदूताची मूर्ती एमा स्टेबिन्स यांची, १८७३ मध्ये बसवलेली. गाडीतून कारंजं वरून आणि लांबून दिसतं, खाली जायचं असेल तर राइड संपल्यावर पायी या.

चेरी हिल का म्हणतेय, तर ही जागा मुळातच घोडागाड्यांसाठी केलेली आहे. पार्कचा आराखडा १८५८ चा, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघांचा, आणि त्यात त्यांनी चालणाऱ्यांचे रस्ते, घोडेस्वारांचे रस्ते आणि गाड्यांचे रस्ते वेगवेगळे काढले, शहरातली आडवी वाहतूक तर चार ठिकाणी जमिनीच्या पातळीखालून नेली, म्हणून आजही गाडीत बसल्यावर टॅक्सी, बस मध्ये येत नाहीत. चेरी हिलला गाड्या वळवून उभ्या करायला मोकळी जागा ठेवली आणि मधोमध कारंजं बांधलं, ते घोड्यांना पाणी पिण्यासाठीच होतं. तिथे उतरून फोटो काढता येतात, मागे तळं आणि लांबवर बो ब्रिज येतो. बो ब्रिजवर गाडी जात नाही, तो फक्त पायी चालणाऱ्यांचा, कुणी गाडीतून नेतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

पुढे पश्चिमेला स्ट्रॉबेरी फील्ड्स, बीटल्सच्या जॉन लेननच्या आठवणीत १९८५ मध्ये केलेली जागा, आणि झाडांच्या वर डाकोटा ही तो राहायचा ती इमारत. खाली येताना शीप मेडो हे मोठं मैदान लागतं, १९३४ पर्यंत इथे खरोखर मेंढ्या चरायच्या, आणि शेजारचं टॅव्हर्न ऑन द ग्रीन हे रेस्टॉरंट म्हणजे त्या मेंढ्यांचा गोठा होता. बेल्व्हेडेअर कॅसल याच्या बरंच उत्तरेला आहे, तो या फेरीत बसत नाही, त्याचा हट्ट धरू नका.

बसायच्या आधी ड्रायव्हरशी चार गोष्टी बोलून पक्क्या करा: एकूण किती मिनिटं, एकूण किती डॉलर, कुठून कुठे, आणि फोटोसाठी थांबलेला वेळ मिनिटांत धरणार का. शेवटची गोष्ट विचारायची राहून जाते आणि मग भांडण तिथेच होतं. ड्रायव्हरने आकडा सांगितला की तुम्ही तो मोठ्याने परत म्हणा, "म्हणजे चाळीस मिनिटं, चेरी हिलला थांबून, एवढे डॉलर, बरोबर?" आणि घड्याळ बघून बसा.

चढताना आणि बसल्यावर

पायरी उंच असते, हे आई-बाबांना घेऊन येणाऱ्यांनी नीट ऐका. गुडघे दुखत असतील तर ड्रायव्हरला आधी सांगा म्हणजे तो गाडी सपाट जागी किंवा कठड्याजवळ घेतो, एकाने वर चढून हात द्यायचा आणि एकाने खालून आधार द्यायचा. साडी नेसून येणार असाल तर निऱ्या हातात धरून चढा आणि पायात सपाट चपला-बूट घाला, उंच टाचा त्या लोखंडी पायरीवर अडकतात. व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी घडी होणारी असेल तर आत मावते का ते विचारा. सीटबेल्ट नसतात, त्यामुळे तान्हं बाळ मांडीवर घट्ट धरायचं आणि तीन-चार वर्षांचं मूल मध्ये बसवायचं, कडेला नाही, आणि गाडी चालू असताना उभं राहायचं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

बहुतेक गाड्यांत समोरासमोर दोन बाकं असतात. पुढे तोंड करून बसता येतं ते मागचं बाक चांगलं, उलटं बसून ज्यांना मळमळतं त्यांना तिथेच बसवा. थंडीत पायावर घ्यायला ब्लँकेट देतात, तरी टोपी आणि हातमोजे आणा, गाडी उघडी असते आणि वारा लागतो.

घोड्याच्या बाबतीत काही गोष्टी पाळा. त्याच्या अगदी समोरून किंवा अगदी मागून जाऊ नका, त्या दोन जागा त्याला दिसत नाहीत, खांद्याच्या बाजूने, त्याला दिसत, हळू बोलत जा. हात लावायचा असेल तर ड्रायव्हरला विचारून मानेवर लावा, नाकावर नको. गाजर, सफरचंद, बिस्किट काहीही विचारल्याशिवाय देऊ नका, आणि ड्रायव्हर "द्या" म्हणाला तर तळहात सपाट ठेवून त्यावर द्या, बोटांत धरून नको. त्याच्या तोंडाजवळ फ्लॅश मारू नका, झटकन छत्री उघडू नका, मुलांच्या हातातले फुगे आधी आत घ्या. सेल्फीसाठी गळ्यात पडणं, लगाम धरून पोज देणं, हे तर नकोच.

राइड चालू असताना सारखा व्हिडिओ काढत बसू नका असं माझं मनापासून सांगणं आहे. फोटो चेरी हिलला काढा, एकदाच, नीट. बाकी वेळ ड्रायव्हरला बोलतं करा, यातले बरेच जण वर्षानुवर्षं याच रस्त्यांवर असतात आणि पार्कबद्दल त्यांना जे माहीत असतं ते फलकांवर लिहिलेलं नसतं. कॅरोसेलजवळून जाताना विचारा, १८७१ चं इथलं पहिलं कॅरोसेल खालच्या खोलीत फिरणाऱ्या जनावराच्या जोरावर चालायचं.

उतरल्यावर

ठरलेले पैसे आणि टिप द्या, हवी असेल तर पावती मागा. ठरल्यापेक्षा जास्त मागितले तर भांडत बसू नका, शांतपणे रेट कार्डकडे बोट दाखवा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर गाडीचा मेडॅलियन नंबर फोनमध्ये टिपून घ्या आणि ३११ ला फोन करून तक्रार नोंदवा, हा शहराचाच नंबर आहे. घोडा लंगडताना किंवा नियमापेक्षा जास्त उन्हात काम करताना दिसला तरी हाच नंबर, अशी तक्रार जरूर करा, तुम्ही पर्यटक आहात म्हणून गप्प बसायची काही गरज नाही.

आणि हवामानामुळे त्या दिवशी गाड्या बंदच असतील, तर ड्रायव्हरची मनधरणी करू नका, जास्त पैसे देतो वगैरे म्हणू नका. परतीच्या विमानाच्या आधी दोन दिवस हाताशी राहतील असाच प्लॅन करा म्हणजे पर्याय उरतो. त्या दिवसापुरतं चेरी हिलपर्यंत पायीच जा, सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूच्या तोंडापासून रमतगमत अर्धा-पाऊण तास लागतो, आणि जाताना तो रस्ता बघून ठेवा, दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला कुठे थांबायचं ते सांगायला सोपं जातं.